सूक्ष्मवित्तसंस्था : सामाजिक उद्दिष्ट व नफाक्षमता

बँकांना तारण देऊ न शकणाऱ्या अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना लहान रकमांची कर्जे देणाऱ्या, आणि काही ठिकाणी त्यांच्या ठेवीही स्वीकारणाऱ्या, संस्थांना सूक्ष्मवित्तसंस्था म्हणतात. अशा संस्थेला दोन हिशेब एकाच वेळी सांभाळावे लागतात. गरीब कुटुंबाला सावकारापेक्षा कमी दरात, अपमानाशिवाय व वेळेवर पैसा मिळावा, हे तिचे सामाजिक उद्दिष्ट असते. स्वतःचा खर्च व बुडीत कर्जे भागवून पुढील कर्जवाटपासाठी भांडवल उभारता यावे, यासाठी तिला नफ्याचीही गरज असते. संस्था लहान असेतोवर हे दोन हिशेब बहुधा जुळतात. ती झपाट्याने वाढू लागली म्हणजे त्यांत अंतर पडू लागते. हे अंतर संस्थापकांच्या सद्‌हेतूवर फारसे अवलंबून नसते. संस्थेची मालकी कोणाकडे आहे, वाढावा कोणाकडे जातो आणि कर्जावर कोणत्या मर्यादा आहेत, या तीन गोष्टींनी ते मुख्यतः ठरते. भारत, बांगलादेश व मेक्सिको या देशांतील सूक्ष्मवित्ताचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

पूर्वपीठिका : लहान कर्जाचा प्रश्न जुनाच आहे. महाराष्ट्रात त्याचे उग्र रूप १८७५ मध्ये दिसले. त्या वर्षी १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला व तो पुणे आणि अहमदनगर या जिल्ह्यांत पसरला. उठाव करणाऱ्यांचा मुख्य रोख सावकारांजवळच्या खतांवर व कर्जरोख्यांवर होता. त्यानंतर नेमलेल्या आयोगाच्या चौकशीच्या आधारे १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा झाला. हिंदू विधीतील दामदुपटीचा नियम मुंबई इलाख्यात त्यापूर्वीही मान्य होता. या नियमानुसार सावकाराला एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नसे. ऋणकोच्या रक्षणासाठी धनकोच्या नफ्यावर मर्यादा घालावी लागते, ही कल्पना अशा रीतीने येथील विधिपरंपरेत जुन्या काळापासून आहे.

जर्मनीत फ्रीड्रिख व्हिल्हेल्म राइफायझेन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ग्रामीण पतसंस्थांची उभारणी केली. संस्थेचे क्षेत्र लहान असावे, सभासदांची जबाबदारी अमर्यादित असावी आणि वाढावा वाटून न घेता राखीव निधीत जमा व्हावा, ही त्यांची तत्त्वे होती. सभासद एकमेकांना ओळखत असल्यामुळे कर्जदाराची पत तपासण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर येई. क्षेत्र लहान ठेवण्याची अट म्हणजे एका अर्थी वाढीवर जाणूनबुजून घातलेला निर्बंध होता. भारतात १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने याच नमुन्यावर सहकारी चळवळीला सुरुवात झाली. तथापि १९५१–५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३·१ टक्के आढळला. पुढे १९६९ मधील १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण व १९७५ पासून स्थापन झालेल्या प्रादेशिक ग्रामीण बँका यांमुळे खेड्यांत शाखा पोहोचल्या; परंतु भूमिहीन मजूर, फेरीवाले व घरकाम करणाऱ्या स्त्रिया बहुतांशी बाहेरच राहिल्या. त्यांच्या हाती सावकार, उधारी देणारा दुकानदार आणि आपसांतील भिशी एवढेच मार्ग उरले.

ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न १९७० नंतरच्या दशकात सुरू झाले. अहमदाबाद येथे इला भट्ट यांच्या पुढाकाराने ‘सेवा’ या स्त्री कामगार संघटनेच्या सु. ४,००० सभासदांनी प्रत्येकी दहा रुपयांचे भागभांडवल घालून १९७४ मध्ये सहकारी बँक स्थापन केली. मुंबईत प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली व गिरणी कामगारांसाठी खानावळी चालविणाऱ्या स्त्रियांना राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जे मिळवून दिली. बांगलादेशात चित्तगाँग विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक मुहंमद युनुस यांनी १९७६ मध्ये जोब्रा या गावातील ४२ व्यक्तींना मिळून ८५६ टाका उसने दिले. या प्रयोगातूनच १९८३ मध्ये विशेष अध्यादेशान्वये ग्रामीण बँक स्थापन झाली. युनुस व ग्रामीण बँक यांना २००६ चा शांततेचा नोबेल पुरस्कार संयुक्तपणे देण्यात आला.

कार्यपद्धती : भारतात सूक्ष्मवित्ताचे दोन मुख्य प्रवाह आहेत. पहिला बचत गटांचा. सु. १० ते २० स्त्रिया एकत्र येऊन नियमित बचत करतात, त्या बचतीतून परस्परांना कर्ज देतात आणि पुढे गटाच्या नावाने बँकेकडून कर्ज घेतात. राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेने (नाबार्ड) १९९२ मध्ये गट व बँक यांना जोडणारा कार्यक्रम सुरू केला. या पद्धतीत व्याजाचा जो भाग गटाकडे राहतो तो सभासदांचाच असतो. दुसरा प्रवाह ग्रामीण बँकेच्या नमुन्यावरील संस्थांचा. पाच स्त्रियांचा गट, अशा काही गटांचे केंद्र, केंद्राची ठराविक दिवशी भरणारी सभा, वर्षभरात फेडावयाचे लहान हप्ते आणि एकीचा हप्ता थकल्यास इतरांनी तो भरण्याची संयुक्त जबाबदारी, ही तिची लक्षणे होत. तारणाऐवजी शेजारणींचे एकमेकींविषयीचे ज्ञान व त्यांचा परस्परांवरील नैतिक दाब येथे उपयोगी पडतो. हाच दाब योग्य प्रमाणात असला तर आधार ठरतो आणि प्रमाणाबाहेर गेला तर छळ ठरतो. या पद्धतीतील बहुतेक अडचणींचे मूळ येथे आहे.

खर्च, व्याज व नफा : सूक्ष्म कर्जावरील व्याजाचा दर बँकेच्या नेहमीच्या दरापेक्षा अधिक का असतो, हे लहान हिशेबावरून स्पष्ट होते. कर्जदाराच्या घरी जाणे, सभा घेणे, हप्ता गोळा करणे व नोंदी ठेवणे यांचा खर्च कर्जाच्या रकमेवर फारसा अवलंबून नसतो. समजा, एका कर्जामागे हा खर्च वर्षाला ६०० रुपये येतो. वर्षभरातील सरासरी येणे ५,००० रुपये असेल, तर केवळ या खर्चासाठी १२ टक्के व्याज लागते. सरासरी येणे ५०,००० रुपये असेल, तर १·२ टक्का पुरतो. शिवाय संस्था स्वतः बँकेकडून ज्या दराने पैसा उसना घेते तो दर, बुडीत कर्जांची तरतूद व भांडवलावरील मोबदला यांची भर पडते. त्यामुळे व्याज कमी हवे, कर्ज लहान हवे, घरपोच सेवा हवी आणि संस्था अनुदानाविना चालावी, या चारही अपेक्षा एकाच वेळी पूर्ण होणे कठीण असते.

दर सांगण्याच्या पद्धतीमुळेही गैरसमज होतो. दहा हजार रुपयांचे कर्ज ५० साप्ताहिक हप्त्यांत फेडावयाचे असून ‘सरसकट साडेबारा टक्के’ व्याज आकारले, तर दर आठवड्याला २०० रुपये मुद्दल व २५ रुपये व्याज असे २२५ रुपये भरावे लागतात. व्याजाची एकूण रक्कम १,२५० रुपये होते. परंतु कर्जदाराकडे पूर्ण दहा हजार रुपये फक्त पहिल्याच आठवड्यात असतात. वर्षभरातील सरासरी येणे सु. ५,१०० रुपये भरते. घटत्या शिलकीवर हिशेब केल्यास हाच दर वार्षिक २४ ते २५ टक्क्यांच्या दरम्यान येतो. दर घटत्या शिलकीवर सांगावयाचा की मूळ रकमेवर, ही हिशेबी बाब दिसत असली, तरी संस्था कर्जदाराशी किती प्रामाणिक आहे हे तीवरून कळते.

नफ्याच्या बाजूनेही सबळ युक्तिवाद आहे. देणगी व अनुदान यांवर चालणाऱ्या संस्थेची पोच देणगीदाराच्या इच्छेएवढीच राहते आणि देणगी आटली की कर्जवाटप थांबते. खर्च भागवून वाढावा दाखविणाऱ्या संस्थेला मात्र बँका व गुंतवणूकदार भांडवल पुरवितात आणि ती लक्षावधी कुटुंबांपर्यंत पोहोचू शकते. बोलिव्हियात १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रोदेम’ या धर्मादाय संस्थेतून १९९२ मध्ये ‘बांकोसोल’ ही व्यापारी बँक निर्माण झाली, ती याच विचाराने. त्यानंतर अनेक देशांतील संस्थांनी हा मार्ग धरला.

वाढीचे परिणाम : संस्था वाढत असताना नफा वाढविण्याचे तीन सोपे मार्ग असतात. पहिला, कर्जाची सरासरी रक्कम वाढविणे. त्यामुळे खर्चाचे प्रमाण घटते. परंतु अतिगरीब कुटुंबे हळूहळू गळून पडतात व त्यांची जागा तुलनेने सुस्थितीतील कर्जदार घेतात. दुसरा, एका कर्मचाऱ्याकडे अधिकाधिक कर्जदार सोपविणे. त्यामुळे वेतनखर्च वाचतो; परंतु कर्मचाऱ्याला कर्जदाराच्या घरची स्थिती समजून घेण्यास वेळ उरत नाही व सभा ही केवळ वसुलीची जागा होते. तिसरा, ज्या गावांत दुसऱ्या संस्थेने गट आधीच बांधले आहेत तेथेच शाखा उघडणे. गट बांधण्याचा व शिकविण्याचा खर्च अशाने टळतो. परंतु एकाच कुटुंबावर तीन-चार संस्थांचे कर्ज चढते.

या तिन्ही मार्गांचे वैशिष्ट्य असे की, त्यांचे दुष्परिणाम हिशेबाच्या वह्यांत लवकर उमटत नाहीत. एका संस्थेचा हप्ता दुसरीच्या कर्जातून भरला गेला, तरी दोन्हींच्या दप्तरी परतफेड वेळेवर झाल्याची नोंद होते. नव्या कर्जांचे प्रमाण वाढत असताना थकबाकीची टक्केवारीही कमी दिसते, कारण नुकत्याच दिलेल्या कर्जांना थकण्यास अवधीच मिळालेला नसतो. म्हणजे ९८–९९ टक्के वसुली ही कर्जदाराच्या उत्पन्नवाढीची खूण असू शकते, तशीच ती वाढत्या कर्जबाजारीपणाचीही असू शकते. आकड्यांवरून हा भेद करता येत नाही. कर्मचाऱ्याला नवी कर्जे व पूर्ण वसुली यांवरच प्रोत्साहन भत्ता मिळत असेल, तर तो भेद पाहण्याचे त्याला कारणही उरत नाही.

मेक्सिकोतील उदाहरण : मेक्सिकोत १९९० मध्ये ना-नफा कार्यक्रम म्हणून सुरू झालेली ‘कोंपार्तामोस’ ही संस्था २००० मध्ये वित्तकंपनी व २००६ मध्ये बँक झाली. तिच्यात मूळ भागधारकांनी सु. ६० लाख डॉलर गुंतविले होते. एप्रिल २००७ मध्ये या भागधारकांनी आपले सु. ३० टक्के भाग खुल्या बाजारात विकले, तेव्हा संपूर्ण बँकेचे मूल्य दीड अब्ज डॉलरच्या वर गेले. या विक्रीतून बँकेला नवे भांडवल मिळाले नाही. सर्व रक्कम विक्रेत्यांना मिळाली. विक्रेत्यांत खाजगी व्यक्तींप्रमाणेच सामाजिक व सार्वजनिक संस्थाही होत्या आणि विक्रीचा मोठा हिस्सा त्यांच्याकडे गेला. परंतु या मूल्यवाढीमागे जो नफा होता तो वार्षिक ८० टक्क्यांहून अधिक व्याजातून आला होता. बाजारातील भांडवलामुळे पुढे अनेक स्पर्धक येतील व दर उतरतील, असे समर्थकांचे म्हणणे होते. गरिबाच्या अडचणीतून संपत्ती उभारणे हे सावकारीचेच नवे रूप होय, अशी टीका युनुस यांनी केली.

आंध्र प्रदेशातील अरिष्ट : भारतात हा प्रश्न तत्कालीन अखंड आंध्र प्रदेशात सर्वाधिक तीव्र झाला. बचत गटांचे दाट जाळे आणि खाजगी सूक्ष्मवित्तसंस्थांची मोठी कर्जे, ही दोन्ही तेथे एकत्र आली होती. मार्च २००६ मध्ये कृष्णा जिल्ह्याच्या प्रशासनाने जादा व्याज व सक्तीची वसुली या कारणांवरून सूक्ष्मवित्तसंस्थांच्या सु. ५० शाखा बंद केल्या. हा इशारा होता. परंतु वाढीचा वेग कमी झाला नाही.

‘स्वयं कृषी संगम’ ही संस्था विक्रम अकुला यांनी १९९७ मध्ये धर्मादाय स्वरूपात स्थापन केली. पुढे ‘एसकेएस मायक्रोफायनान्स’ या बिगर-बँक वित्तीय कंपनीत तिचे रूपांतर झाले व जोखीम भांडवल पुरविणाऱ्या गुंतवणूकदारांचा पैसा तीत आला. २०१० पर्यंत तिच्या कर्जदार सभासदांची संख्या ६० लाखांवर गेली. जुलै–ऑगस्ट २०१० मध्ये तिने भागविक्री करून सु. १,६५० कोटी रु. उभारले. त्यांत नव्या भागांबरोबर जुन्या भागधारकांनी विकलेल्या भागांचाही समावेश होता. भागांना मागणी अनेक पटींनी अधिक आली. भागबाजारात उतरलेल्या कंपनीकडून दर तिमाहीस वाढीची अपेक्षा केली जाते. कर्जदार कुटुंबाचे उत्पन्न मात्र पाऊस, मजुरी व आजारपण यांच्या गतीने चालते. या दोन गतींतील विसंगती त्या वर्षी उघड झाली.

कर्जबाजारी स्त्रियांच्या आत्महत्यांच्या बातम्या २०१० च्या उत्तरार्धात राज्यातील वृत्तपत्रांत येऊ लागल्या आणि त्यांचा संबंध वसुलीच्या जाचाशी जोडला गेला. प्रत्येक घटनेमागील कारणांविषयी शासन व संस्था यांच्यात मतभेद राहिले. परंतु एकाच कुटुंबावर अनेक कर्जे असल्याचे सर्वांनाच मान्य करावे लागले. १५ ऑक्टोबर २०१० रोजी राज्य शासनाने अध्यादेश काढला व लवकरच त्याचे कायद्यात रूपांतर झाले. त्याअन्वये संस्थांना जिल्हावार नोंदणी सक्तीची झाली, साप्ताहिक हप्त्यांऐवजी मासिक हप्ते आले, घरी जाऊन वसुली करण्यास मनाई झाली आणि मुद्दलाहून अधिक व्याज घेण्यास बंदी झाली. दामदुपटीचा जुना नियमच येथे नव्या रूपात अवतरला. परिणामी राज्यातील वसुली जवळजवळ ठप्प झाली, बँकांनी सूक्ष्मवित्तसंस्थांना पैसा देणे आखडले आणि काही संस्था डबघाईस आल्या.

या धक्क्याचा भार केवळ भागधारकांवर पडला नाही. एमिली ब्रेझा व सिंथिया किनन यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आंध्र प्रदेशात मोठे कर्जवाटप असलेल्या संस्थांवर इतर राज्यांतील जे जिल्हे अवलंबून होते, तेथे कर्जपुरवठा आटला आणि अनियमित मजुरांची रोजंदारी व कुटुंबांचा खर्च घटला. त्या जिल्ह्यांतील कर्जदारांनी कर्ज थकविले नव्हते. संस्थेने अतिवाढीने केलेल्या चुकीची किंमत अशा रीतीने दूरच्या व निर्दोष कुटुंबांनाही मोजावी लागते.

नियमन : अरिष्टानंतर रिझर्व्ह बँकेने वाय. एच. मालेगाम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जानेवारी २०११ मधील तिच्या अहवालात या संस्थांसाठी बिगर-बँक वित्तीय कंपन्यांचा स्वतंत्र वर्ग करावा, व्याजावर २४ टक्क्यांची कमाल मर्यादा घालावी, कर्ज देण्याचा दर व पैसा उभारण्याचा दर यांतील अंतर मर्यादित ठेवावे, एका कर्जदारास २५,००० रुपयांहून अधिक कर्ज नसावे आणि त्यास दोनपेक्षा अधिक संस्थांनी कर्ज देऊ नये, अशा शिफारशी होत्या. त्यांपैकी अनेक काही फेरफारांसह स्वीकारण्यात येऊन डिसेंबर २०११ मध्ये हा स्वतंत्र वर्ग अस्तित्वात आला. कर्जदारांची माहिती पतमाहिती कंपन्यांकडे नोंदविणे आवश्यक झाल्यामुळे, दुसऱ्या संस्थेचे कर्ज किती आहे हे प्रथमच पाहता येऊ लागले.

१ एप्रिल २०२२ पासून नवी चौकट लागू झाली. वार्षिक तीन लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले बिनतारण कर्ज म्हणजे सूक्ष्मवित्त कर्ज, अशी व्याख्या करण्यात आली व ती बँकांनाही लागू झाली. कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मासिक हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांहून अधिक असू नयेत, असे बंधन आले. व्याजावरील ठराविक कमाल मर्यादा काढून टाकण्यात आली. मात्र दर अवाजवी नसावा, तो संचालक मंडळाने ठरविलेल्या धोरणानुसार असावा व कर्जदाराला स्पष्ट सांगितला जावा, अशी अट घालण्यात आली. सकाळी नऊपूर्वी व सायंकाळी सहानंतर वसुलीसाठी दूरध्वनी करण्यास आणि धमकावण्यास मनाई करण्यात आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये अवाजवी दरांच्या कारणावरून रिझर्व्ह बँकेने चार वित्तीय कंपन्यांना नवी कर्जे देण्यास काही काळ बंदी केली. वसुलीच्या जाचाविरुद्ध आसामने २०२० मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये स्वतंत्र कायदेशीर उपाय योजले. नोटाबंदीनंतर २०१६–१७ मध्ये विदर्भाच्या काही भागांतही परतफेडीस नकार देण्याची लाट आली होती. यावरून आंध्र प्रदेशातील घटना अपवादात्मक नव्हती, असे दिसते.

मालकी व वाढाव्याचा विनियोग : नफा होणे आणि नफा कोणाकडे जाणे, हे दोन भिन्न प्रश्न आहेत. या दृष्टीने सूक्ष्मवित्तसंस्थांचे तीन प्रकार पडतात. पहिला, कर्जदारांच्याच मालकीची संस्था. ग्रामीण बँकेचे भाग मुख्यत्वे कर्जदार स्त्रियांकडे असून लाभांशही त्यांनाच मिळतो. घरबांधणी, उच्च शिक्षण यांसाठी तिचे दर नेहमीच्या कर्जापेक्षा कमी ठेवण्यात आले व भिक्षेकऱ्यांना बिनव्याजी कर्जे देण्यात आली. भांडवलासाठी ती मुख्यतः ठेवींवर अवलंबून राहिल्यामुळे बाहेरच्या गुंतवणूकदाराच्या परताव्याच्या अपेक्षेचा दाब तिच्यावर आला नाही. शासनाचा हस्तक्षेप हा मात्र या प्रकारातील धोका आहे. २०११ मध्ये युनुस यांना व्यवस्थापकीय संचालकपद सोडावे लागले, त्यावरून तो ध्यानात येतो.

दुसरा प्रकार सहकारी बँकेचा. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली माणदेशी महिला सहकारी बँक हे त्याचे महाराष्ट्रातील उदाहरण होय. प्रवर्तक स्त्रिया निरक्षर असल्याच्या कारणावरून तिचा पहिला परवाना-अर्ज नामंजूर झाला होता. स्त्रियांनी लिहिण्यावाचण्याचे धडे घेऊन पुन्हा अर्ज केला व १९९७ मध्ये परवाना मिळाला. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार सहकारी संस्थेत एका सभासदास एकच मत असते, निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत जातो आणि निबंधकाच्या पूर्वसंमतीविना १५ टक्क्यांहून अधिक लाभांश देता येत नाही. वाढाव्याच्या विनियोगावरील ही मर्यादा कायद्यातच असल्याने ती एखाद्या संचालकाच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही. तथापि बाहेरचे भांडवल सहज मिळत नसल्यामुळे अशा बँकेची वाढ संथ असते, आणि देखरेख ढिली पडल्यास स्थानिक हितसंबंधी गटाच्या हाती ती जाण्याचा संभव असतो.

तिसरा प्रकार भागभांडवलावर चालणाऱ्या कंपनीचा. तिची पोच सर्वांत मोठी असते. कोलकात्यात २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘बंधन’चे २०१५ मध्ये व्यापारी बँकेत रूपांतर झाले. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने लघुवित्त बँकांसाठी ज्या दहा अर्जदारांना तत्त्वतः मान्यता दिली त्यांपैकी आठ सूक्ष्मवित्तसंस्था होत्या. बँक झाल्याने ठेवी घेता येतात, पैसा स्वस्त मिळतो व कर्जदाराला बचतीचीही सोय होते. परंतु भागधारकांच्या अपेक्षेमुळे लहान कर्जांकडून मोठ्या व सतारण कर्जांकडे वळण्याचा मोह वाढतो. ‘एसकेएस’चे नाव २०१६ मध्ये ‘भारत फायनान्शियल इन्क्लूजन’ असे झाले आणि २०१९ मध्ये ती एका खाजगी बँकेत विलीन झाली. धर्मादाय संस्थेपासून व्यापारी बँकेचा विभाग होईपर्यंतचा हा प्रवास सु. २२ वर्षांचा आहे.

सामाजिक परिणामांचे मूल्यमापन : सूक्ष्म कर्जाने दारिद्र्य हटते, हा सुरुवातीचा दावा पुढील पाहण्यांत टिकला नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर ड्युफ्लो, रेचल ग्लेनर्स्टर व सिंथिया किनन यांनी हैदराबादेतील १०४ वस्त्यांपैकी यादृच्छिक रीतीने निवडलेल्या निम्म्या वस्त्यांत सूक्ष्मवित्तसंस्थेच्या शाखा उघडल्यानंतर तेथील कुटुंबांची तुलना इतर वस्त्यांतील कुटुंबांशी केली. आधीपासून धंदा असलेल्यांनी तो वाढविला व टिकाऊ वस्तूंची खरेदी वाढली. परंतु सरासरी कौटुंबिक खर्च, मुलांचे शिक्षण, आरोग्य किंवा स्त्रियांचे घरातील निर्णयाधिकार यांत लक्षणीय फरक आढळला नाही. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वेळी प्रसिद्ध झालेल्या अन्य देशांतील पाहण्यांचे निष्कर्षही साधारणतः असेच आहेत. सूक्ष्म कर्ज हे गरिबीवरचे औषध नव्हे. ते उत्पन्नातील चढउतार सोसण्याचे व लहान धंद्याला हात देण्याचे साधन आहे. ते उपयुक्त आहे, आणि अतिरेकाने घातकही होऊ शकते.

यामुळे सामाजिक उद्दिष्टाचा हिशेब नफ्याच्या हिशेबापासून स्वतंत्रपणे मांडावा लागतो. कर्जदारांत अतिगरीब किती, संस्था सोडून जाणाऱ्या किती व का, एका कुटुंबावर एकूण किती संस्थांचे कर्ज, हप्ता भरण्यासाठी भांडी किंवा जनावरे विकावी लागली काय, आजारपण वा दुष्काळ आल्यास मुदतवाढ मिळते काय आणि तक्रारीची दाद कोठे लागते, या प्रश्नांची उत्तरे नियमितपणे गोळा केल्यास संकटाची चाहूल थकबाकी वाढण्यापूर्वी लागू शकते. कर्मचाऱ्यांच्या प्रोत्साहन भत्त्यात केवळ वसुलीऐवजी या बाबींचा समावेश करणे, एका कर्मचाऱ्याकडील कर्जदारांच्या संख्येस मर्यादा घालणे आणि नव्या शाखा कर्जाचा सुकाळ असलेल्या तालुक्यांऐवजी जेथे कोणी पोहोचलेले नाही अशा तालुक्यांत उघडणे, हे त्यापुढील उपाय होत. या प्रत्येक उपायाने नफा काहीसा घटतो. तो किती घटू द्यावयाचा, हे वाढीच्या काळातच भागधारक व संचालक यांनी ठरवून लेखी नोंदविणे आवश्यक असते. वसुली थांबल्यानंतर तो निर्णय संस्थेच्या हाती राहत नाही, हे आंध्र प्रदेशातील अनुभवावरून स्पष्ट झाले आहे.